वाचकांचे प्रश्न : बांबूच्या रोपाच्या पानातील सिलिका

प्रश्न : आमच्या शेडनेटमध्ये मानवेल बांबूची बियांपासून केलेली रोपे आहेत. काही कोकोपीटमध्ये, तर काही माती आणि शेणखत भरलेल्या पिशव्यांमध्ये वाढवली आहेत. कोकोपीटमधील रोपांची पाने मऊ व लोंबती असून रंगही फिका आहे. मातीतील रोपांची पाने ताठ आणि हाताला खरखरीत लागतात. हा सिलिकॉनच्या कमतरतेचा परिणाम आहे असे सांगून एका विक्रेत्याने पानांवर पोटॅशियम सिलिकेट फवारण्याचा सल्ला दिला आहे. इतक्या लहान रोपाची पाने सिलिकॉन घेतात का? घेत असल्यास ते येते कोठून? आणि हा खर्च करावा का?
— एक रोपवाटिकाधारक, चंद्रपूर जिल्हा

उत्तर : खर्चाचा प्रश्न तातडीचा असल्याने त्याचे उत्तर आधी देतो. फवारणी करू नये. पाने खरखरीत का होतात याविषयी विक्रेत्याचे म्हणणे काही अंशी बरोबर आहे, परंतु फिक्या रंगाचे कारण आणि फवारणीचा उपाय या दोन्ही गोष्टी त्याने चुकीच्या सांगितल्या आहेत.

बांबूचे रोप सिलिकॉन घेते आणि ते अगदी लहानपणापासून घेते. (सिलिकॉन हे मूलद्रव्य, तर सिलिका म्हणजे त्याचे ऑक्सिजनबरोबरचे संयुग.) बियातील साठ्यात सिलिकॉन जवळजवळ नसतेच, त्यामुळे रोपाच्या पानात जे काही जमते ते मुळांनी पिशवीतील ओलाव्यातून आणलेले असते. भूकवचात ऑक्सिजनच्या खालोखाल सिलिकॉनचाच क्रमांक लागतो आणि वजनाने त्याचा वाटा सुमारे २८ टक्के आहे; तरीही मुळांना त्यातील फार थोडा भाग उपयोगी पडतो. वनस्पती सिलिकॉन घेते ते केवळ पाण्यात विरघळलेल्या सिलिसिक आम्लाच्या रूपात. जमिनीतील पाण्यात हे आम्ल सामान्यतः इतके असते की लिटरमागे साधारण ६ ते ३६ मिलिग्रॅम सिलिका भरते. मातीचा सामू (पीएच) ९ च्या खाली असेपर्यंत या आम्लाच्या रेणूवर विद्युतभार नसतो. त्यामुळे मुळाच्या पेशीत ते नेण्याची यंत्रणा नायट्रेट किंवा पोटॅशियम यांच्या यंत्रणेपेक्षा वेगळी असते.

ही यंत्रणा प्रथम उलगडली ती बांबूच्या जवळच्या नातलगात, म्हणजे भातात. जपानमधील ओकायामा विद्यापीठाच्या जियान फेंग मा यांच्या गटाने २००६ मध्ये एलएसआय-१ आणि २००७ मध्ये एलएसआय-२ या जनुकांचा शोध प्रसिद्ध केला. पहिल्या जनुकापासून तयार होणारे प्रथिन मूळपेशीच्या बाहेरच्या बाजूला असते आणि सिलिसिक आम्लाला आत येण्याची वाट करून देते. दुसऱ्याचे प्रथिन त्याच पेशीच्या आतल्या बाजूला असते आणि ऊर्जा खर्च करून ते आम्ल पुढे जलवाहिन्यांच्या दिशेने ढकलते. एकाच पेशीच्या दोन बाजूंना अशी वाटणी असल्यामुळे प्रवाह एकाच दिशेने वाहत राहतो. २००८ मध्ये एलएसआय-६ या तिसऱ्या प्रथिनाचे कामही स्पष्ट झाले : पानापर्यंत पोहोचलेले आम्ल जलवाहिन्यांमधून काढून ते योग्य पेशींकडे वळवते. मोसो या चिनी बांबूच्या जनुकसंचातही याच कुळातील जनुके सापडली आहेत.

बाष्पोत्सर्जनाने पाणी वर ओढले जाते आणि त्याच्याबरोबर सिलिका आपोआप पानात येते, असा पुष्कळांचा समज असतो. तो अपुरा कसा आहे हे साध्या हिशेबावरून कळते. समजा, एक किलो सुके वजन तयार करण्यासाठी रोपाने ५०० लिटर पाणी वर ओढले आणि त्या पाण्यात लिटरमागे २० मिलिग्रॅम सिलिका होती. सगळी सिलिका नुसती पाण्याबरोबर वाहत आली असे धरले, तर किलोमागे १० ग्रॅम, म्हणजे एक टक्का जमेल. बांबूच्या पक्व पानात सिलिकेचे प्रमाण याच्या कितीतरी पट असते. याचा अर्थ मूळ तिला वेचून आत घेते. भाताच्या जलवाहिन्यांतील रसात तर सिलिसिक आम्ल इतके दाट होते की साध्या पाण्यात ते तेवढ्या प्रमाणात विरघळून राहूच शकले नसते.

पानात आल्यावर पाणी उडून जाते आणि सिलिसिक आम्लाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन पाणीयुक्त, अस्फटिकी (म्हणजे स्फटिकासारखी ठरावीक मांडणी नसलेली) सिलिका तयार होते. ती कोठे बसते यावर पानाचा स्वभाव ठरतो. शिरांच्या वर रांगेने असणाऱ्या सिलिका-पेशी, पान गुंडाळण्यास मदत करणाऱ्या फुगीर पेशी, पर्णरंध्रांभोवतीच्या पेशी आणि कडेवरचे सूक्ष्म काटेरी केस या साऱ्यांत ती साचते. पात्याची कड बोटावरून ओढली असता कापते ती या केसांमुळेच. सासा या जपानी बुटक्या बांबूच्या दीर्घायुषी पानांवर झालेल्या संशोधनातून असे दिसले की, सिलिका-पेशी पान वाढत असतानाच भरून जातात, मात्र इतर अनेक पेशींमध्ये सिलिका पान झडेपर्यंत साठतच राहते. एकदा घट्ट झालेली सिलिका पुन्हा विरघळून कोवळ्या पानाकडे जात नाही. म्हणून प्रत्येक नव्या पानाला आपला वाटा मुळांकडूनच मिळवावा लागतो आणि मुळांभोवती त्या वेळी किती सिलिसिक आम्ल आहे यावर त्या पानाचा साठा ठरतो.

आता आपल्या दोन प्रकारच्या रोपांविषयी. कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. त्यात सिलिसिक आम्ल सोडणारी खनिजे मातीच्या तुलनेने नगण्य असतात आणि विद्राव्य खतांतूनही ते सहसा दिले जात नाही. मातीत चिकणमातीच्या खनिजांमधून ते सतत सुटत असते. त्यामुळे मातीतील रोपांची पाने अधिक खरखरीत आणि ताठ असावीत हे अपेक्षितच आहे. त्यात शेडनेटमधील दमट हवेचीही भर पडते : पानातून पाणी कमी उडते, परिणामी सिलिका साठण्याचा वेगही मंदावतो. ताठरपणाचा एक भाग एवढ्यानेच समजून येतो.

फिक्या रंगाचे कारण मात्र निराळे आहे. सिलिकॉन कमी पडल्याने बांबूचे पान पिवळे किंवा फिके होत नाही. सगळे रोप, विशेषतः खालची पाने फिकी असतील तर नत्र कमी पडले आहे असे समजावे. वरची कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडत असतील तर लोहाकडे आणि पाण्याच्या सामूकडे पाहावे. कोकोपीट नीट धुतलेले नसेल तर त्यातील क्षारांमुळे पानांची टोके करपतात, आणि पाणी जास्त झाल्यास मुळांना हवा मिळत नाही. ही चार कारणे तपासल्याशिवाय सिलिकॉनवर बोट ठेवणे म्हणजे रोपांचे आणखी काही आठवडे वाया घालवणे आहे, आणि रोपवाटिकेत तेवढ्यात लागवडीचा हंगाम निघून जातो.

फवारणीविषयी माझे मत स्पष्ट आहे. सिलिसिक आम्ल आत घेणारी प्रथिने मुळांवर आहेत. पानाच्या वरच्या बाजूला मेणचट आवरण आहे. फवारलेले सिलिकेट बहुतांशी पृष्ठभागावरच सुकते. शिवाय पोटॅशियम सिलिकेटचे द्रावण तीव्र अल्कधर्मी असते आणि कोवळ्या पात्यावर त्याने डाग पडू शकतात. आम्लधर्मी किंवा कॅल्शियमयुक्त खतांबरोबर ते मिसळले तर टाकीतच साका किंवा जेलीसारखा गोळा होतो आणि ठिबकच्या नळ्या तुंबतात.

सिलिकॉन मुळांवाटे दिले तर बांबू अधिक वाढतो का, हा रास्त प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर विक्रेते देत नाहीत. जायगॅन्टोक्लोआ प्रजातीतील एका बुटक्या बांबूवर फ्रेंच संशोधकांनी केलेला आठ महिन्यांचा जलसंवर्धन प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पोषणद्रावणात सिलिकॉनचे प्रमाण शून्यापासून टप्प्याटप्प्याने वाढवत नेले, पानांनी ते भरपूर शोषलेही, परंतु वाढीत सिलिकॉनमुळे फरक पडला नाही. भाताची गोष्ट वेगळी आहे. भातात सिलिकॉनमुळे करपा रोग आणि तुडतुडे यांचा उपद्रव कमी होतो, पीक कमी लोळते, आणि जपानमध्ये १९५५ पासून सिलिकेटयुक्त धातुमळीला (धातू गाळताना उरणाऱ्या मळीला) खत म्हणून मान्यता आहे. परंतु भाताचे निष्कर्ष बांबूच्या पिशवीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. बांबूच्या पानातील सिलिका पाने खाणाऱ्या किडींना अडसर ठरते आणि पान ताठ ठेवून त्याला प्रकाश नीट मिळू देते. हे तिचे काम मोलाचे आहे. वाढीचे टॉनिक म्हणून तिची किंमत मोजावी इतका पुरावा मात्र नाही.

यापुढे पिशवी भरताना निम्मी तरी चांगली माती वापरावी, त्यात कुजलेले शेणखत मिसळावे, आणि कोकोपीट ओलावा धरण्यापुरते ठेवावे. आत्ताच्या कोकोपीटमधील रोपांना आधी नत्र व लोह तपासून द्यावे आणि ती थोडी मोठी झाल्यावर मातीच्या पिशवीत हलवावीत. लागवडीपूर्वी शेडनेटची सावली हळूहळू कमी करावी. पुढची पाने आपोआप कणखर येतील. जुनी मऊ पाने मऊच राहतील, त्यांची काळजी करू नये.

प्रश्न : आमच्याकडे जांभ्या दगडाची जमीन आहे. नदीची रेती म्हणजे सिलिकाच असते असे वाचले. मग बांबूच्या खड्ड्यात रेती घातली तर पानांना सिलिका मिळेल का? भाताच्या तुसाची राख घालावी असेही काही जण म्हणतात.
— एक बागायतदार, सिंधुदुर्ग जिल्हा

उत्तर : रेती घातल्याने पाण्याचा निचरा सुधारेल, सिलिका मिळणार नाही. रेतीतील सिलिका क्वार्ट्झच्या स्फटिकात बांधलेली असते आणि ती पाण्यात इतकी सावकाश विरघळते की पिकाच्या आयुष्यात तिचा हिशेब धरण्यात अर्थ नाही. अस्फटिकी सिलिका याच्या उलट वागते. २५ अंश तापमानाला लिटरभर पाण्यात ती सुमारे १२० मिलिग्रॅमपर्यंत विरघळू शकते. पिकाच्या दृष्टीने सिलिका किती आहे यापेक्षा ती कोणत्या रूपात आहे हे महत्त्वाचे ठरते.

आपल्या जमिनीचा इतिहासही या संदर्भात लक्षात घेण्यासारखा आहे. जांभा तयार होतो तोच मुळी खडकातील सिलिका मुसळधार पावसाने युगानुयुगे धुऊन नेल्यामुळे. मागे लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे उरतात आणि त्यांतील लोहाची ऑक्साइडे त्याला तांबडा रंग देतात. ही दोन्ही ऑक्साइडे उरलेसुरले सिलिसिक आम्लही आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतात. देशावरच्या काळ्या जमिनीत परिस्थिती निराळी आहे : तेथील चिकणमाती बेसाल्टच्या झिजेतून आलेली, पावसाने कमी धुतली गेलेली आणि सिलिसिक आम्ल सतत सोडणारी आहे, आणि तेथील विहिरीच्या पाण्यातही विरघळलेली सिलिका असते. त्यामुळे एकाच जातीच्या बांबूच्या पानात कोकणात आणि मराठवाड्यात सिलिका वेगवेगळी आढळली तर नवल वाटू नये. तरीही माणगा हा बांबू आपल्याकडे जांभ्यावर उत्तम वाढतो, हे आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता. त्याला अडचण होते ती उथळ मातीची आणि उन्हाळ्यातील ओलाव्याची.

तुसाची राख उपयोगी आहे, पण ती कशी जाळली आहे यावर सारे अवलंबून आहे. तुसाच्या वजनाच्या साधारण पंचमांशाइतकी राख उरते आणि तिचा बहुतेक भाग सिलिकाच असतो. मंद आचेवर जळलेल्या राखेतील सिलिका अस्फटिकी राहते आणि हळूहळू विरघळते. भट्टीत फार प्रखर तापलेल्या राखेतील सिलिका स्फटिकी होऊन बसते आणि मग तिची गत रेतीसारखीच होते. शेतात धुमसत जळलेली, काळपट राख चांगली. ती अल्कधर्मी असल्याने आपल्या आम्लधर्मी जमिनीत त्रासदायक होणार नाही, मात्र लहान पिशव्यांत ती मूठभरापेक्षा जास्त घालू नये, कारण तिच्यातील क्षार कोवळ्या मुळांना सोसत नाहीत.

प्रश्न : पानात खरोखर सिलिका असते हे नववीच्या विद्यार्थ्यांना दाखवता येईल का? शाळेत साधा सूक्ष्मदर्शक आहे, इतर उपकरणे नाहीत.
— एक विज्ञान शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : दाखवता येईल, आणि हा प्रयोग जरूर करावा. पानातील खनिज डोळ्यांनी पाहिल्यावर वनस्पती आणि जमीन यांचे नाते जसे समजते तसे पाठ्यपुस्तकातल्या आकृतीने समजत नाही.

बांबूचे एक जून पान, एक नुकते उलगडलेले पान आणि तुरीची काही पाने घ्यावीत. ती स्वच्छ धुवावीत. वरची धूळ ही स्वतःच सिलिकेने भरलेली असते आणि न धुता केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष फसवा निघतो. पाने सुकवून सारख्या वजनाचे तुकडे वेगवेगळ्या मातीच्या पणत्यांत ठेवावेत आणि काळेपणा जाऊन पांढरट राख उरेपर्यंत तापवावे. हे काम मोकळ्या हवेत आणि आपण स्वतः करावे. बांबूच्या जून पानाची राख जास्त उरते आणि हलक्या हाताने हाताळली तर पात्याच्या तुकड्याचा आकारही टिकून राहतो.

नंतर प्रत्येक राखेवर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकावेत. तुरीच्या राखेतील कार्बोनेट फसफसून विरघळतात आणि फार थोडे उरते. बांबूच्या राखेचा बराचसा भाग तसाच राहतो, कारण सिलिकेवर या आम्लाचा परिणाम होत नाही. उरलेला गाळ पाण्याने दोनतीनदा धुऊन ग्लिसरिनच्या थेंबात काचपट्टीवर घ्यावा आणि चारशे पट मोठा करून पाहावा. नागमोडी कडांच्या लांब पेशींचे साचे आणि खोगिराच्या आकाराचे लहान कण दिसतील. यांना फायटोलिथ म्हणतात. वनस्पती कुजून गेली तरी हे कण मातीत टिकतात आणि त्यांच्या आकारावरून पुरातत्त्वज्ञ प्राचीन वस्तीत कोणते गवतवर्गीय पीक किंवा बांबू होता याचा माग काढतात.

विद्यार्थ्यांनी राखेचे वजन केले, तर एक सावधगिरी सांगून ठेवावी. काही पुस्तकांत आकडे सिलिकॉनचे असतात, काहींत सिलिकेचे. सिलिकेच्या वजनात सिलिकॉन सुमारे ४७ टक्केच असते, त्यामुळे एकाच पानाविषयीचे दोन आकडे दुपटीहून अधिक वेगळे दिसू शकतात आणि तरीही दोन्ही बरोबर असतात. तसेच तुलना करताना पाने एकाच वयाची घ्यावीत. रोपाचे कोवळे पान आणि बेटातील वर्षभराचे पान शेजारी ठेवून रोपात सिलिका कमी आहे असे म्हणणे चुकीचे ठरेल.

प्रश्न : सितोपलादी चूर्णातील वंशलोचन म्हणजे हीच सिलिका का? ते रोपातही तयार होते का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : होय, वंशलोचन ही मुख्यतः सिलिकाच आहे, पण ती पानात नसून मोठ्या बांबूच्या पोकळ पेरात साचते. पेरातील पाण्यासारख्या रसात सिलिका दाट होते आणि रस आटल्यावर तिचे पांढरे किंवा निळसर खडे उरतात. ते सगळ्याच बांबूंत किंवा प्रत्येक पेरात सापडत नाहीत. रोपाच्या बारीक खोडात अशी पोकळीच नसल्याने तेथे ते तयार होण्याचा प्रश्न येत नाही.

याचे रासायनिक स्वरूप पहिल्यांदा तपासले गेले ते भारतातून गेलेल्या नमुन्यांवर. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत असलेले पॅट्रिक रसेल यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे या पदार्थाची माहिती मांडली, आणि १७९१ मध्ये जेम्स मेसी या तरुण रसायनशास्त्रज्ञाने त्याचे पृथक्करण प्रसिद्ध करून तो गारगोटीच्या जातीचा, म्हणजे सिलिकामय पदार्थ असल्याचे दाखवले. हेच मेसी पुढे जेम्स स्मिथसन या नावाने ओळखले गेले आणि त्यांच्या देणगीतून वॉशिंग्टनची स्मिथसोनियन संस्था उभी राहिली. औषधी गुणांविषयी वैद्यांनाच विचारावे. बाजारात कृत्रिम सिलिकाही वंशलोचन म्हणून विकली जाते, एवढे मात्र खरेदी करताना ध्यानात असू द्यावे.

प्रश्न : बांबूच्या बेटाखाली पडलेली पाने जाळून राख टाकावी की तशीच ठेवावीत?
— एक शेतकरी, भंडारा जिल्हा

उत्तर : तशीच ठेवावीत. जाळल्याने पानातील नत्र धुराबरोबर निघून जाते, जमीन उघडी पडते आणि वणव्याचा धोका वाढतो. पाने कुजली तर त्यातील अस्फटिकी सिलिका मातीत मिसळून रेतीपेक्षा कितीतरी लवकर विरघळते आणि त्याच बेटाच्या मुळांना पुन्हा मिळते. जुन्या बेटाखालच्या मातीला बाहेरून सिलिका देण्याची गरज पडत नाही ती यामुळेच. बांबूची पाने सिलिकेमुळे सावकाश कुजतात, म्हणून धीर धरावा लागतो. पावसाळ्याच्या तोंडी त्यांवर पातळ शेणकाला शिंपडून मातीचा हलका थर द्यावा, आणि नवे वास्ते (कोंब) फुटण्याच्या जागी थर जाड होऊ देऊ नये. रोपवाटिकेसाठी माती हवी असेल तर अशा बेटाच्या कडेची, कुजलेल्या पानांसह खरवडलेली वरची माती थोडी घ्यावी आणि चाळून पिशव्यांच्या मिश्रणात घालावी. मात्र कीड किंवा बुरशी लागलेल्या बेटाखालची माती घेऊ नये.